जादूचा जमाखर्च

एरागॉन (इंग्रजी कादंबरी). लेखक : ख्रिस्तोफर पाओलिनी. प्रकाशक : आल्फ्रेड ए. नॉफ, न्यूयॉर्क, २००३.

विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाने मुलांच्या हाती जादूच्या गोष्टी द्याव्यात की देऊ नयेत, हा वाद आपल्याकडे जुना आहे. एका बाजूचे म्हणणे असे की, एकीकडे चमत्कारांमागचे रसायनशास्त्र मुलांना उलगडून दाखवायचे आणि दुसरीकडे एक शब्द उच्चारताच आग पेटवणाऱ्या नायकाचे पुस्तक शाळेच्या कपाटात ठेवायचे, हे विसंगत आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, कल्पनाशक्तीवर पहारे बसवले तर उद्या विज्ञानही वाढणार नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु आम्हाला वाटते की, गोष्टीत जादू आहे की नाही एवढेच पाहून निकाल देणे बरोबर नाही. त्या जादूला काही नियम आहेत का, आणि लेखक ते पाळतो का, हे पाहायला हवे. असे वाद मोघमपणे घालण्यापेक्षा एखादे पुस्तक समोर घेऊन तपासणे बरे, म्हणून या लेखासाठी आम्ही 'एरागॉन' ही कादंबरी निवडली आहे. ती निवडण्याचे आणखी एक कारण म्हणजे लेखकाचे वय. ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा तो आपल्या दहावीच्या विद्यार्थ्याएवढा होता.

पंधराव्या वर्षीचा लेखक

ख्रिस्तोफर पाओलिनी यांचा जन्म १९८३ सालचा. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, यलोस्टोन नदीकाठच्या पॅराडाइज व्हॅली नावाच्या खोऱ्यात त्यांचे बालपण गेले. ते शाळेत न जाता घरीच शिकले. आई माँटेसरी पद्धतीचे शिक्षण घेतलेली शिक्षिका होती. पत्रद्वारा शिक्षणक्रम पुरा करून ते पंधराव्या वर्षी शालेय शिक्षणातून मोकळे झाले आणि हाती आलेल्या वेळात त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. पहिला खर्डा करायला एक वर्ष गेले. तो वाचल्यावर त्यातील उणिवा त्यांच्याच लक्षात आल्या आणि दुसरे वर्ष फेरलेखनात गेले. तिसऱ्या वर्षी घरच्या सर्वांनी मिळून पुस्तक छापण्याची तयारी केली. मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळा आणि आतील नकाशे लेखकानेच काढले.

२००२ साली ही घरगुती आवृत्ती निघाली. मध्ययुगीन पोशाख अंगात घालून पाओलिनी शाळाशाळांतून आणि ग्रंथालयांतून पुस्तकाविषयी बोलत हिंडले. असे १३५हून अधिक कार्यक्रम त्यांनी केले. त्याच वर्षी कार्ल हायासेन हे कादंबरीकार मोंटानात आले असताना त्यांच्या सावत्र मुलाने हे पुस्तक वाचले. त्याला ते फार आवडले, म्हणून हायासेन यांनी आपल्या प्रकाशकांना कळवले, आणि ऑगस्ट २००३ मध्ये नॉफची आवृत्ती आली. तेव्हा लेखक १९ वर्षांचा होता. पुढे 'एल्डेस्ट' (२००५), 'ब्रिसिंगर' (२००८) आणि 'इनहेरिटन्स' (२०११) हे तीन खंड निघाले व मालिकेच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

खपाच्या आकड्यावरून पुस्तकाची योग्यता ठरत नाही. शिक्षकांनी या हकिकतीतले दुसरे वर्ष मात्र लक्षात ठेवावे. मुलांच्या हुशारीच्या गोष्टी सांगताना आपण पहिल्या खर्ड्याचे कौतुक करतो. फेरलेखनाचे वर्ष सांगायचे राहून जाते.

कथा आणि उसनवारी

कथा थोडक्यात अशी. अ‍ॅलगेशिया नावाच्या काल्पनिक देशात, डोंगरकडेच्या एका खेड्यात एरागॉन हा पंधरा वर्षांचा पोरका मुलगा मामाच्या शेतावर राहतो. शिकारीला गेला असता त्याला एक गुळगुळीत निळा दगड सापडतो. हिवाळ्यासाठी मांस मिळावे म्हणून तो हा दगड खाटकाला देऊ पाहतो, पण सौदा फिसकटतो. पुढे त्या दगडातून ड्रॅगनचे पिल्लू बाहेर येते, कारण तो दगड नसून अंडे असते. या मादी ड्रॅगनचे नाव सफिरा. एके काळी ड्रॅगनस्वारांचा संघ देशात शांतता राखत असे. त्यांच्यातलाच गॅल्बटोरिक्स फितूर झाला, त्याने संघाचा नाश केला आणि तो राजा होऊन बसला. अंडे शोधत आलेले राजाचे हस्तक मामाचा जीव घेतात. गावात कथा सांगत फिरणारा ब्रॉम नावाचा म्हातारा एरागॉनला सोबत घेऊन निघतो आणि वाटेत त्याला तलवार, जुनी भाषा व जादू शिकवतो.

कथा ओळखीची वाटली तर नवल नाही. शेतावरचा पोरका मुलगा, गुपित बाळगणारा वृद्ध गुरू, संपत आलेला योद्ध्यांचा संघ आणि दुष्ट साम्राज्य ही सर्व मांडणी १९७७च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात आहे. एल्फ, बुटके लोक आणि नकाशावरची लांबलचक नावे टॉल्किन यांच्याकडची. वस्तूचे खरे नाव जाणणाऱ्याची तिच्यावर सत्ता चालते ही कल्पना अर्सुला ल ग्विन यांच्या १९६८च्या कादंबरीत ठळकपणे आली होती, आणि स्वार व ड्रॅगन यांची मने जोडलेली असणे हे अ‍ॅन मॅकॅफ्री यांच्याकडे सापडते. समीक्षकांनी हा दोष दाखवला आणि तो खरा आहे. वर्णने पाल्हाळिक आहेत, विशेषणांची गर्दी आहे, आणि पाचशे पानांच्या घरात जाणारे हे पुस्तक शंभर पानांनी सहज आटोपशीर झाले असते.

परंतु पंधराव्या वर्षी दुसऱ्यांचे गिरवणे हा गुन्हा नव्हे. आपण प्रयोगशाळेतही विद्यार्थ्याला आधी जुनेच प्रयोग करायला लावतो. त्या गिरवण्यात त्याने स्वतःचे काही शोधले का, एवढाच प्रश्न उरतो. आमच्या मते या मुलाने एका ठिकाणी शोधले, आणि ते ठिकाण विज्ञानशिक्षकाच्या खास आवडीचे आहे.

फुकट काही नाही

एका उद्ध्वस्त गावात दोन अर्गल – म्हणजे शिंगे असलेले राक्षसी योद्धे – एरागॉनच्या अंगावर येतात. शेकोटी पेटवताना ब्रॉमच्या तोंडून निसटलेला 'ब्रिसिंगर' हा शब्द ओरडून तो बाण सोडतो. बाण पेटतो, स्फोट होतो, शत्रू मरतात. बहुतेक परीकथांत नायक येथे ताठ उभा राहतो. हा नायक मात्र गळून जातो, त्याच्या अंगात त्राण उरत नाही. मग ब्रॉम त्याला नियम समजावतो. एखादे काम जादूने करायला तेवढीच शक्ती खर्च होते, जेवढी ते काम इतर मार्गाने करायला लागली असती. ही शक्ती करणाऱ्याच्या देहातून जाते. आवाक्याबाहेरचे काम हाती घेतले तर जीव जातो.

वाचकांच्या लक्षात आले असेलच की, हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे. तो पुस्तकात आहे म्हणून पुस्तक वैज्ञानिक ठरत नाही. पण नियम मांडला की हिशेब करता येतो, आणि हिशेब जुळतो की नाही हे वाचकाला तपासता येते. चला, आपण तपासू.

ब्रॉम पहिला धडा देतो तो तळहातावरचा खडा शब्दाने उचलण्याचा. ५० ग्रॅमचा खडा एक मीटर उंच न्यायला सुमारे अर्धा ज्यूल कार्य करावे लागते. एक चमचाभर, म्हणजे ४ ग्रॅम साखरेतून सुमारे ६७,००० ज्यूल ऊर्जा मिळते. स्नायू त्यातील साधारण चौथा हिस्सा उपयुक्त कार्यात बदलतात असे धरले, तरी चमचाभर साखरेवर हा खडा तेहतीस हजार वेळा उचलता यावा. शिवाय आपण हाताने खडा उचलतो तेव्हा तीनेक किलोंचा हातही सोबत उचलतो. जादूत तोही भार नाही. तेव्हा खडा उचलून एरागॉन दमतो तो ऊर्जा संपल्यामुळे नव्हे. नवशिक्याचे लक्ष एकवटण्याचे ते श्रम म्हणावे लागतील. येथे लेखकाचा हिशेब सैल आहे.

खडा हवेत नुसता धरून ठेवायचा असेल तर? विस्थापन नाही, म्हणून कार्य शून्य, असे पुस्तकी उत्तर मुले देतील. मग हातात बादली धरून उभे राहिले की आपण का दमतो? कारण स्नायूंतील तंतू सतत आकुंचन पावत व सैलावत असतात आणि त्यात अन्नातली ऊर्जा खर्च होऊन उष्णता बनते. टेबल मात्र न दमता वर्षानुवर्षे पुस्तक धरून ठेवते. आता जादू हातासारखी की टेबलासारखी? ब्रॉमचा नियम 'हाताने करायला लागेल तेवढी' असा घेतला तर उत्तर एक येते, आणि 'भौतिकशास्त्राप्रमाणे लागेल तेवढी' असा घेतला तर दुसरे. नववीच्या वर्गात कार्य आणि ऊर्जा शिकवताना याहून चांगला वादविषय मिळणे कठीण.

आगीचे गणित अधिक गमतीचे आहे. मेणबत्तीच्या ज्योतीतून दर सेकंदाला सुमारे ८० ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. दिवसभर अंगमेहनत करणारा माणूसही सुमारे तेवढ्याच, म्हणजे ७५ वॉटच्या आसपास दराने कार्य करू शकतो. म्हणजे स्वतःच्या बळावर हवेत एक मेणबत्तीएवढी ज्योत तेवत ठेवायची, तर एक गडी सतत राबवावा लागेल! मग बाणाच्या टोकाशी स्फोट करणारा मुलगा गळून पडला हे अगदी योग्यच झाले. पण ब्रॉम त्याच शब्दाने शेकोटी पेटवतो आणि त्याला काहीच होत नाही, हे कसे? तेही योग्य आहे. शेकोटीत जळते ते लाकूड. वाळक्या लाकडाच्या एका किलोत सुमारे दीड कोटी ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे माणसाच्या जवळजवळ दोन दिवसांच्या आहाराएवढी. पेटवणाऱ्याने फक्त एक कोपरा ज्वलनांकापर्यंत तापवायचा. ते काम काडेपेटीची एक काडी करते, आणि काडीतून साधारण एक हजार ज्यूलच मिळतात. जादूगाराने आग 'निर्माण' करावी की आग 'लावून द्यावी', यातला फरक ज्याला कळला त्याला ज्वलनाचा धडा कळला.

नियमातून उगवलेली नीती

लेखकाचे खरे श्रेय नियम मांडण्यात नाही, त्याचे परिणाम पुढे नेण्यात आहे. ऊर्जा मर्यादित असेल तर शहाणा जादूगार ती साठवून ठेवील, म्हणून या मालिकेत रत्नांत शक्ती साठवली जाते. थोड्या ऊर्जेत मोठे काम साधायचे तर ती नेमक्या जागी लावावी लागेल. म्हणून शत्रूला मारण्यासाठी आगडोंब उसळवण्याची गरज उरत नाही, देहातील नाजूक जागी किंचित धक्का पुरतो. दुसऱ्या खंडात एरागॉनला असे मृत्यूचे बारा शब्द शिकवले जातात. हा तर्क भयंकर आहे, पण तो चोख आहे. ज्ञान वाढले की हत्या स्वस्त होते, ही गोष्ट विसाव्या शतकाने आपल्याला दाखवलीच आहे.

त्याच खंडात ओरोमिस नावाचा वृद्ध गुरू एरागॉनला रानातल्या एका मोकळ्या जागी बसवून भोवतालच्या जिवांकडे मन लावायला सांगतो. एरागॉन मुंग्यांच्या हालचालींत गुंगतो. पुढे गुरू त्याला सांगतो की, स्वतःच्या देहाबाहेरची शक्ती हवी असेल तर ती आसपासच्या वनस्पती व प्राणी यांच्याकडून घेता येते. एरागॉन ती घेतो आणि ज्यांच्याकडून घेतली ते जीव मरतात. आता तो त्यांना ओळखत असतो. या अनुभवानंतर त्याला मांस खाणे जड जाते.

आम्हाला हे प्रकरण सर्व मालिकेत श्रेष्ठ वाटते. येथे उपदेश नाही. ऊर्जा कोठून तरी येते, एवढा एक नियम आहे, आणि 'मग ती कोणाकडून आली?' हा प्रश्न त्यातून आपोआप निघतो. अन्नसाखळी शिकवताना आपण एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर दहा टक्के ऊर्जा जाते असे फळ्यावर लिहितो. विजेचे बटण दाबताना ती कोठल्या कोळशातून वा कोणाचे गाव बुडवलेल्या धरणातून आली, हे विचारायला मात्र क्वचितच शिकवतो.

चौथ्या खंडात याच नियमाची मजल फार दूर जाते. व्रोएनगार्ड बेटावर एका स्वाराने पूर्वी आपल्या देहाचेच ऊर्जेत रूपांतर केल्याची आणि त्यानंतर ते बेट अदृश्य विषाने दूषित झाल्याची कथा येते. आइनस्टाइन यांचे नाव न घेता आलेले हे त्यांचेच समीकरण आहे : ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग. हिरोशिमाच्या बाँबमध्ये एक ग्रॅमहून कमी वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर झाले. ६० किलोंचा सबंध देह असा बदलला, तर सुमारे ८५ हजार हिरोशिमा-बाँबांएवढी ऊर्जा निघेल. १९६१ साली सोव्हिएत संघाने फोडलेल्या सर्वांत मोठ्या बाँबच्या ती पंचवीसपट होईल. एवढ्याने बेटावर कथेत दिसतात तसे भग्नावशेषही उरले नसते. तेव्हा फारच थोडा अंश बदलला असे मानावे लागते. शिवाय बाँबनंतर दीर्घकाळ टिकणारे विष मुख्यतः अणुविखंडनाच्या अवशेषांचे असते. वस्तुमान नुसते ऊर्जेत बदलले तर ते अवशेष कोठून आले, हे विद्यार्थ्यांनी जरूर विचारावे.

जेथे हिशेब बुडतो

नियम पाळला तेथे कथा उंच जाते आणि मोडला तेथे ती ढिली पडते, हे दाखवणारी दोन उदाहरणे पाहू.

पहिले सफिराच्या उडण्याचे. लांबी दुप्पट झाली की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट वाढते. म्हणून मोठ्या प्राण्याला उडणे अधिकाधिक अवघड होत जाते. आपला माळढोक हा उडणाऱ्या वजनदार पक्ष्यांपैकी एक. त्याचा पूर्ण वाढलेला नर १५ किलोंपर्यंत भरतो. आजवर ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या उडणाऱ्या प्राण्यांत क्वेट्झालकोअ‍ॅट्लस हा सरीसृप मोडतो. त्याच्या पंखांचा विस्तार दहा मीटरांच्या आसपास आणि वजन दोन-अडीचशे किलो असावे असा अंदाज आहे. घोड्याहून मोठी सफिरा पाठीवर स्वार घेऊन तासन्‌तास उडते ती कशाच्या बळावर? पहिल्या खंडात लेखक या प्रश्नाकडे वळत नाही. प्राण्यांच्या आकारामागचे हे गणित जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली एका प्रसिद्ध निबंधात सोपे करून सांगितले. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांनीच मुलांसाठी एका जादूगाराच्या गोष्टींचे पुस्तक १९३७ साली लिहिले आणि त्यात एक ड्रॅगनही ठेवला. तो चुलीच्या विस्तवात मावेल एवढा लहान आहे! राक्षसांची हाडे का मोडतील हे सांगणाऱ्या शास्त्रज्ञाला जादूची गोष्ट लिहिताना संकोच वाटला नाही, हे आपल्या वादात दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर. कथेत एका जवळच्या पात्राची वालुकाश्माची समाधी सफिरा आपल्या स्पर्शाने हिऱ्याची करते. प्रसंग हृद्य आहे, वाचताना डोळे भरून येतात. पण वालुकाश्म मुख्यतः सिलिकॉन व ऑक्सिजन यांचा, आणि हिरा निव्वळ कार्बनचा. एका मूलद्रव्याचे दुसरे करायचे म्हणजे अणूच्या गाभ्याला हात घालायचा. त्याची किंमत कोणी मोजली? ड्रॅगनची जादू स्वारांच्या नियमांत बसत नाही, एवढेच उत्तर मिळते. म्हणजे एरागॉनला खड्यापासून हिशेब, आणि सफिराला खुले खाते. लेखकाला शोक व्यक्त करायचा होता हे समजते, पण त्यासाठी त्याने आपलाच कायदा बाजूला ठेवला. वाचकाला एकदा कळले की अडचणीच्या वेळी ड्रॅगन काहीही करू शकेल, की पुढच्या संकटातली भीती कमी होते. ही चूक विज्ञानाची आहे त्याहून अधिक कथाकथनाची आहे.

नाव म्हणजे ज्ञान?

पुस्तकातील ज्या कल्पनेविषयी शिक्षकांनी सर्वांत सावध असावे ती मात्र ड्रॅगनची नाही, नावांची आहे. प्राचीन भाषेत वस्तूचे खरे नाव कळले की वस्तू हाती आली, असे ही कादंबरी मानते. त्यामुळे एरागॉनचे शिक्षण म्हणजे गुरूच्या तोंडून शब्दांची यादी ऐकणे आणि ती घोकणे. ब्रॉम आणि ओरोमिस सांगतात, शिष्य ऐकतो. 'हे असेच कशावरून?' असे विचारून, दोन वेगळे खडे घेऊन, मोजून पाहण्याचा प्रसंग जवळजवळ नाही.

आपल्या वर्गांत नेमका हाच रोग आहे. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द अचूक लिहिणारा विद्यार्थी झाड कशाचे बनते या प्रश्नावर 'मातीचे' म्हणतो, आणि आपण त्याला शब्दाचे गुण देतो. पक्ष्याचे नाव जगातल्या सर्व भाषांत पाठ असले तरी पक्ष्याविषयी आपल्याला काही कळलेले नसते, हे वडिलांनी लहानपणी शिकवल्याची आठवण रिचर्ड फाइनमन सांगत असत. एरागॉनच्या देशात या शिकवणीला जागा नाही. त्यातच भर म्हणजे येथे शक्ती सर्वांसाठी नाही, एरागॉनला ती ड्रॅगनने निवडल्यामुळे मिळते. विज्ञानाचे दार निदान तत्त्वतः तरी सर्वांना उघडे असते, हा फरक मुलांना सांगितला पाहिजे.

तरी या बाजूलाही एक उजळ जागा आहे. पहिल्या खंडात एरागॉन एका तान्ह्या मुलीला प्राचीन भाषेत आशीर्वाद देतो. 'तुझे रक्षण होवो' असे त्याला म्हणायचे असते. व्याकरणाच्या चुकीमुळे अर्थ होतो 'तू इतरांची ढाल हो', आणि ती मुलगी, एल्व्हा, भोवतालच्या सर्वांचे दुःख आपल्या अंगावर झेलण्याच्या यातनेत सापडते. हे दुसऱ्या खंडात उघड होते. हेतू चांगला होता म्हणून परिणाम टळत नाही. 'वजन' आणि 'वस्तुमान', 'उष्णता' आणि 'तापमान' यांत गल्लत करणाऱ्यांना आपण एवढे का टोकतो, हे सांगायला एल्व्हाची गोष्ट पुरेशी आहे.

चमत्कार आणि गोष्ट

आता सुरुवातीच्या वादाकडे येऊ. पुष्कळ शिक्षकांनी वर्गात 'मंत्राने' होम पेटवून दाखवला असेल. पोटॅशियम परमँगनेटवर तूप म्हणून ग्लिसरीन सोडायचे, थोडा वेळ मंत्र पुटपुटायचे, आणि ज्वाळा उठते. बुवा हे करतो तेव्हा तो म्हणतो, यावर विश्वास ठेवा आणि कसे झाले ते विचारू नका. कादंबरीकार पहिल्या पानापासून सांगतो की हे खोटे आहे, चार घटका खरे मानून पाहू. बुवा जमाखर्च लपवतो. पाओलिनी यांच्यासारखा लेखक, निदान चांगल्या पानांत, तो उघडा मांडतो. चमत्कारावरील विश्वास आणि कल्पितातला आनंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा वेगळेपणा ज्या मुलाला गोष्टी वाचून कळला तो बुवाला फसण्याची शक्यता कमी, असे आमचे मत आहे.

म्हणून हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे. त्याची इंग्रजी मराठी माध्यमाच्या मुलांना जड जाईल. तेव्हा शिक्षकांनी बाणाचा, खड्याचा, मुंग्यांचा आणि समाधीचा असे चार प्रसंग तोंडी सांगावेत आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवावा : याची किंमत कोणी, कोठून आणि किती दिली? उत्तर आकड्यात मागावे. कोणी चुकले तरी चालेल, पण एकक लिहायला विसरू नये.

आणखी एक विनंती. आपल्या वर्गातही वहीच्या मागच्या पानांवर राज्ये, नकाशे आणि उडणारे प्राणी रेखाटणारे कोणी तरी असतेच. अशी वही हाती आली की आपण एक तर ती काढून घेतो, नाही तर 'छान आहे' म्हणून परत देतो. दोन्हींमुळे मुलाला काही मिळत नाही. ती वही नीट वाचावी आणि विचारावे : तुझा प्राणी खातो काय? त्याचे वजन किती? तुझ्या जादूला काय जमत नाही? आणि मग सांगावे की हे पुन्हा लिहून आण. कारण मोंटानातल्या त्या मुलाचे पुस्तक तयार झाले ते पहिल्या वर्षी नव्हे, दुसऱ्या वर्षी.